षड्ज हलवणारा स्टीव्ही वंडर

‘फिंगरटिप्स’ या गाण्याच्या रेकॉर्डमध्ये एक आरोळी कायमची राहून गेली आहे. जून १९६२, शिकागोचं रीगल थिएटर. मोटाउन या गाण्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या कलाकारांचा कार्यक्रम चालू आहे. १२ वर्षांचा एक अंध मुलगा बाँगो आणि माउथ ऑर्गन वाजवतो, लोकांना टाळ्यांचा ठेका धरायला लावतो आणि आपलं गाणं संपवतो. पुढच्या गायिकेचे वादक जागा घेऊ लागतात, इतक्यात हा मुलगा परत फिरतो आणि पुन्हा वाजवायला सुरुवात करतो. नुकताच येऊन उभा राहिलेला बासवादक, म्हणजे खर्जाचं तारवाद्य वाजवणारा, भांबावून ओरडतो, ‘कोणती पट्टी? कोणती पट्टी?’ कंपनीने ते कापलं नाही. त्या गोंधळासकट रेकॉर्ड बाजारात आली आणि ऑगस्ट १९६३मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तोवर हा मुलगा, म्हणजे अमेरिकन गायक-संगीतकार स्टीव्ही वंडर, १३ वर्षांचा झाला होता. इतक्या लहान वयात त्या यादीच्या शिखरावर पोचलेला दुसरा एकल कलाकार अजून झालेला नाही.

स्टीव्ही वंडरच्या गाण्यांबरोबर पेटीवर साथ करून बघितली, तर त्या बासवादकाचा प्रश्न आपल्यालाही पडतो. गाणं सुरू झालं तेव्हाचा सा शेवटी जागेवर असेलच असं नाही. त्याच्या संगीताचा आवाका सांगताना बहुतेक जण यादी वाचून दाखवतात: सोल, फंक, जॅझ, रेगे, लॅटिन, गॉस्पेल. यादी खरी आहे, पण तिने काही उमगत नाही. आपले कान राग आणि तालावर वाढलेले असतात. त्याचा आवाज, त्याच्या हरकती, त्याचा ठेका आपल्याला पहिल्या ऐकण्यात भिडतो. हातातून निसटतात त्या दोन गोष्टी: कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक स्वर, आणि सरकणारा षड्ज. त्याची खरी श्रीमंती तिथेच आहे, म्हणून या लेखातला बराच भाग मी त्यासाठी राखून ठेवला आहे. घरात पेटी किंवा कीबोर्ड असेल तर जवळ घेऊन बसा.

आधी ‘सोल’ म्हणजे काय ते थोडक्यात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या चर्चमध्ये गायलं जाणारं भक्तिगीत म्हणजे गॉस्पेल, आणि त्यांच्याच वस्त्यांमध्ये, नाचघरांमध्ये वाढलेलं संगीत म्हणजे रिदम अँड ब्लूज. १९५०च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी गॉस्पेलची तळमळ आणि चालींची ठेवण उचलून तिच्यात प्रेमाचे, विरहाचे, संसाराचे शब्द घातले. भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलून धरावी, तशी एकाने म्हणायचं आणि समूहाने उत्तर द्यायचं ही रीत सोलमध्ये चर्चमधून आली. एकाच अक्षरावर दहा-बारा स्वरांची लड सोडणंही तिथलंच. स्टीव्ही लहानपणी डेट्रॉइटच्या चर्चमध्ये गायचा, आणि रे चार्ल्स त्याचं दैवत. १९६२च्या त्याच्या सुरुवातीच्या अल्बमांपैकी एक तर पूर्णपणे ‘अंकल रे’ला वाहिलेला आहे.

त्याचा जन्म १३ मे १९५०चा, मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ गावचा. पुरे दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ होतं ते. इन्क्युबेटरमधल्या जादा प्राणवायूमुळे डोळ्यांचा पडदा नीट वाढला नाही आणि दृष्टी गेली. चार वर्षांचा असताना कुटुंब डेट्रॉइटला आलं. ११व्या वर्षी तो मोटाउनमध्ये दाखल झाला, तेव्हा पियानो, ड्रम आणि माउथ ऑर्गन त्याच्या हातात बसलेले होते.

मोटाउन ही बेरी गॉर्डी यांनी काढलेली कंपनी. गॉर्डी आधी मोटारीच्या कारखान्यात कामाला होते आणि गाणीही त्याच शिस्तीने बनवायची हा त्यांचा विचार: लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे, शेवटी दर्जा तपासणारी बैठक वेगळी. या शिस्तीतून अतिशय सुंदर गाणी निघाली, आणि स्टीव्हीला तिथे जगातली उत्तम शाळा मिळाली. बासवर जेम्स जेमरसन, ड्रमवर बेनी बेंजामिन. अशा माणसांच्या पायाशी बसून तो वाढला. त्याच्या पुढच्या ड्रमवादनात बेंजामिनचा हात ऐकू येतो, आणि सिंथेसायझरवर तो जो बास वाजवतो त्यात जेमरसनची चाल आहे.

२१व्या वर्षी

मे १९७१मध्ये स्टीव्ही २१ वर्षांचा झाला आणि लहानपणी झालेला करार संपला. त्याने लगेच नवा करार केला नाही. न्यूयॉर्कला जाऊन स्वतःच्या पैशाने रेकॉर्डिंग सुरू केलं. मग मोटाउनशी पुन्हा बोलणी केली ती आपल्या अटींवर: संगीतात कुणी हात घालायचा नाही आणि गाण्यांच्या हक्कांत आपला वाटा राहील. त्या काळात मोटाउनच्या कलाकाराने असं काही मिळवणं ही फार मोठी गोष्ट होती. माझ्या मते पुढचं सगळं याच निर्णयातून आलं.

न्यूयॉर्कमध्ये त्याला माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गूलेफ हे दोघे भेटले. त्यांनी ‘टाँटो’ नावाचा एक प्रचंड सिंथेसायझर उभा केला होता. अनेक यंत्रं एकमेकांना जोडून केलेली, माणसाच्या उंचीची कपाटंच ती. आज हे यंत्र कॅनडात कॅल्गरीच्या संगीत संग्रहालयात आहे. सिंथेसायझर म्हणजे काय? पेटीत हवेने पत्ती थरथरते, सतारीत तार थरथरते. सिंथेसायझरमध्ये थरथरणारी वस्तूच नाही. विजेची लहर तयार करायची, तिचा वेग बदलून स्वर ठरवायचा, आणि मग तिच्यातली तीक्ष्णता गाळून हवा तो पोत काढायचा. त्या काळी पुष्कळ लोक या यंत्रातून अंतराळातले चमत्कारिक आवाज काढत होते. स्टीव्हीने त्यातून मांसल, घोगरा, माणसासारखा श्वास घेणारा बास काढला. या दोघांच्या साथीने त्याने चार अल्बम केले: ‘म्युझिक ऑफ माय माइंड’ आणि ‘टॉकिंग बुक’ १९७२मध्ये, ‘इनरव्हिजन्स’ १९७३मध्ये आणि ‘फुलफिलिंगनेस फर्स्ट फिनाले’ १९७४मध्ये.

या अल्बमांतली कित्येक गाणी तो जवळपास एकट्याने वाजवतो. आधी ड्रम वाजवून टेपवर घ्यायचे, मग ते ऐकत त्यावर कीबोर्ड, मग बास, मग आवाज, मग आपल्याच आवाजाला आपलीच साथ. याला ओव्हरडबिंग म्हणतात आणि ते इतरही करत. बहुतेक वेळा एकट्याने केलेलं रेकॉर्डिंग मात्र एकट्याचंच वाटतं, सगळी वाद्यं एकाच स्वभावाची. स्टीव्हीच्या रेकॉर्डमध्ये ड्रमवाला थोडा मागे रेलून वाजवतो, बासवाला खोडकर आहे, कीबोर्डवाला घाईत आहे, आणि हे सगळे एकमेकांचं ऐकत आहेत असं वाटतं. त्याच्या आवाक्याचा मला सर्वांत थक्क करणारा पुरावा हाच वाटतो.

पाच काळ्या पट्ट्या

१९७२चं ‘सुपरस्टिशन’ घेऊ. जानेवारी १९७३मध्ये हे पहिल्या क्रमांकावर होतं. अंधश्रद्धेवरचं गाणं आहे.

सुरुवातीला नुसते ड्रम. नीट ऐका: झांज प्रत्येक वेळी सारखी वाजत नाही. कधी एक टोला जास्त, कधी किंचित मोकळी, कधी दाबलेली. मग येतो तो प्रसिद्ध तुकडा, आणि अनेकांना ती गिटार वाटते. ते क्लॅविनेट नावाचं वाद्य आहे, जर्मनीच्या होनर कंपनीचं. दिसायला कीबोर्ड, पण आत खऱ्या तारा. पट्टी दाबली की रबराचं टोक तारेवर आपटतं आणि इलेक्ट्रिक गिटारसारखे चुंबकीय पिकअप तो आवाज पकडतात. कंपनीच्या डोक्यात होतं ते युरोपचं जुनं संगीत घरबसल्या वाजवता यावं असं नाजूक वाद्य. स्टीव्हीने त्याचा ठेक्याच्या वाद्यासारखा वापर केला. स्वर कमी आणि बोटांचे आघात जास्त. शिवाय क्लॅविनेटचे एकावर एक अनेक थर आहेत. एक थर मुख्य तुकडा वाजवतो आणि बाकीचे त्याच्या मोकळ्या जागांमध्ये टिचक्या मारतात. हेडफोन लावले की डाव्या कानातला आणि उजव्या कानातला थर वेगळा कळतो.

आता पेटी उघडा. हे गाणं काळी दोनमध्ये, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरून, आहे. काळी दोनला सा मानून फक्त पाच काळ्या पट्ट्या वाजवा. मिळणारे स्वर असे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्याकडे हे धानीचे स्वर. गाण्याचा गाभा या पाचांवर उभा आहे. धानीचं चलन, धानीचे न्यास इथे शोधू नका, तो राग नाही. पण स्वरांची ही पाच घरं आपल्या ओळखीची असल्यामुळे हे गाणं मराठी कानाला परकं लागत नाही. ‘हायर ग्राउंड’ आणि ‘आय विश’ ही त्याची आणखी दोन गाजलेली गाणीही काळी दोनमध्येच बसतात. पाचही काळ्या पट्ट्या पांढऱ्यांपेक्षा उंच असतात, बोटाला स्पर्शाने लगेच सापडतात. जागेवर हात ठेवला की फंक, म्हणजे ठेक्यावर उभं असलेलं नाचतं संगीत, तयार.

कडवं जवळजवळ पूर्ण एकाच सुरावटीवर थांबतं, तंबोरा लावल्यासारखं. मग ध्रुवपदाशी येताच जमीन हलते. आधाराचा स्वर प, मग कोमल ध, परत प, मग तीव्र म, शुद्ध म, आणि पुन्हा प. अर्ध्या-अर्ध्या सुराची ही चढउतार दोन वादकांच्या सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटसह येते आणि तिथून आपण परत सा-वर आपटतो. इतका वेळ एका जागी उभं ठेवल्यामुळे त्या आपटण्याला जोर येतो.

कॉर्ड म्हणजे काय

आपण स्वर एकामागून एक ऐकतो. कॉर्ड म्हणजे तीन किंवा जास्त स्वर एकदम. एवढी व्याख्या पुरते, पण तिचा परिणाम बोटांनीच समजतो. पेटीवर मध्य सप्तकाचा सा दाबून धरा आणि सोडू नका. त्याच्यासोबत ग आणि प दाबा. शांत, घरी आल्यासारखं वाटेल. आता सा तसाच ठेवून ग-प सोडा आणि खालचे म आणि ध दाबा. सा तोच, पण आता तो उघड्यावर आल्यासारखा लागतो. आता म सोडा, खालचा ध तसाच ठेवून सा-च्या वरचा ग घ्या. सा उदास झाला. शेवटी खालचा कोमल ध, सा आणि कोमल ग. सा अजून तोच आहे, पण आता त्याच्यात काहीतरी भव्य, अनपेक्षित असं आलं.

गळ्याने स्वर बदलला नाही आणि भाव चार वेळा बदलला. पाश्चात्त्य संगीताचं अर्धं नाट्य या एका गोष्टीत आहे. आपण भाव स्वर लावण्याच्या पद्धतीतून, मींडीतून, आंदोलनातून काढतो. ते लोक स्वराखालची जमीन बदलून काढतात. स्टीव्हीकडे दोन्ही आहे. गळा गॉस्पेलचा, म्हणजे मींड, मुरकी, कंप सगळं आहे, आणि खालची जमीन जॅझवाल्याची.

जॅझवाल्याची म्हणजे कशी? सा-ग-प या तीन स्वरांत वरचा नी मिळवा. लगेच गोडव्यात एक हुरहुर शिरते. त्याच्यावर आणखी वरचा रे ठेवा, कॉर्ड अधिक पसरते. साध्या चित्रपटगीतांत तीन स्वरांच्या कॉर्डवर भागतं. स्टीव्ही चार-पाच स्वरांच्या कॉर्ड अशा सहज वापरतो की ऐकणाऱ्याला गुंतागुंत जाणवत नाही, नुसतं ‘काहीतरी सुंदर झालं’ एवढं जाणवतं. ‘यू आर द सनशाइन ऑफ माय लाइफ’ची सुरुवात ऐका. इलेक्ट्रिक पियानोवर एक लकेर वर चढते, तिच्यात प्रत्येक दोन स्वरांतलं अंतर पूर्ण सुराचं आहे: सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. या सप्तकात प नाही, शुद्ध म नाही, त्यामुळे कानाला टेकायला जागाच सापडत नाही आणि आपण क्षणभर तरंगतो. मग गाणं सुरू होतं आणि जमीन मिळते. आणखी एक गंमत: त्या गाण्याच्या पहिल्या ओळी स्टीव्हीच्या आवाजात नाहीतच. आधी जिम गिलस्ट्रॅप गातो, मग लानी ग्रोव्ह्ज, आणि मग स्टीव्ही. आपल्या सर्वांत लोकप्रिय प्रेमगीताची सुरुवात त्याने साथीच्या गायकांना दिली.

सा सरकतो

आपल्या मैफलीत तंबोरा एकदा लागला की षड्ज अढळ. सगळे स्वर त्याच्याशी नातं सांगतात म्हणून त्यांना अर्थ येतो. हीच आपल्या संगीताची खोली. स्टीव्ही त्या षड्जालाच उचलून दुसरीकडे ठेवतो.

‘इनरव्हिजन्स’मधलं ‘गोल्डन लेडी’ शेवटपर्यंत ऐका. ध्रुवपद पुन्हा येतं तेव्हा अर्धा सूर वर. पुन्हा येतं, आणखी अर्धा सूर वर. काळी दोनचं पांढरी तीन, पांढरी तीनचं पांढरी चार, असं चढत जातं आणि गाणं चढता चढताच विरून जातं. गाणाऱ्याला दर वेळी गळा ताणावा लागतो आणि तो ताण ऐकणाऱ्याच्या छातीत उतरतो. ‘समर सॉफ्ट’च्या शेवटीही हीच युक्ती आहे. १९८५च्या ‘ओव्हरजॉइड’मध्ये मात्र सा इतक्या हळुवारपणे बदलतो की पेटीवर साथ करायला घेतल्याशिवाय कळतही नाही. त्या गाण्यात ड्रमसेटऐवजी रातकिड्यांचे, पक्ष्यांचे, पाण्यात टाकलेल्या खड्यांचे, चुरगाळलेल्या पानांचे आवाज ठेका धरतात. मला ते त्याचं सर्वांत सुंदर गाणं वाटतं, आणि त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे!

एक मात्र सांगितलं पाहिजे. पट्टी वर चढवणं ही व्यावसायिक गाण्यांतली स्वस्त युक्तीही आहे, गाणं रेंगाळलं की एक सूर वर न्या, टाळ्या घ्या. स्टीव्हीच्या १९८४च्या ‘आय जस्ट कॉल्ड टु से आय लव्ह यू’मध्येही पट्टी चढते आणि तिथे ती मला सोयीची वाटते. या गाण्याला ऑस्कर मिळालं आणि भारतात त्याचं हेच गाणं सर्वाधिक पोचलं. ‘मैंने प्यार किया’मधलं ‘आते जाते हँसते गाते’ ऐकताना ज्यांना हे गाणं आठवतं, त्यांचा कान बरोबर आहे. त्या चित्रपटाचे संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे आपले नागपूरचे विजय पाटील. गाणं गोड आहे, पण स्टीव्हीची ओळख इथेच थांबली तर फार नुकसान होतं. हे बरेच जणांच्या बाबतीत झालं आहे, म्हणून इतकं लिहिलं.

एका अल्बममधलं जग

ऑगस्ट १९७३. ‘इनरव्हिजन्स’ येऊन तीन दिवस झाले होते. नॉर्थ कॅरोलायनात त्याच्या गाडीची लाकडाचे ओंडके नेणाऱ्या ट्रकशी धडक झाली आणि तो काही दिवस बेशुद्ध होता. त्याच्या एका सहकाऱ्याने कानाशी ‘हायर ग्राउंड’ गायलं आणि स्टीव्हीची बोटं त्या ठेक्यावर हलू लागली. पुनर्जन्माविषयीचं ते गाणं त्याने अपघाताच्या आधीच लिहून, सगळी वाद्यं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केलं होतं.

तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७६मध्ये, ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ आला. दोन मोठ्या तबकड्या आणि सोबत एक छोटी, मिळून २१ गाणी. चार वर्षांत तिसऱ्यांदा त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. मधल्या एका वर्षी ते गायक पॉल सायमनला मिळालं, तेव्हा त्याने व्यासपीठावरून यंदा अल्बम न काढल्याबद्दल स्टीव्हीचे आभार मानले होते.

त्यातलं ‘सर ड्यूक’ हे जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनला वाहिलेलं गाणं. एलिंग्टन १९७४मध्ये गेले. गाण्याच्या मध्ये सगळी वाद्यं, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, गिटार, एकदम एकच लांबलचक तान घेतात. खाली कॉर्ड नाही, वर साथ नाही, सगळे एकाच सुरात. ही तान मुख्यतः सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांत फिरते, म्हणजे भूपाच्या घरांत, अधूनमधून कोमल ग-ला स्पर्श करत. कॉर्डचा एवढा मोठा जाणकार ऐन महत्त्वाच्या क्षणी कॉर्ड बाजूला ठेवतो आणि नुसत्या ओळीवर विश्वास टाकतो. आपल्या कानाला ती जागा घरची वाटते.

‘व्हिलेज गेटो लँड’मध्ये युरोपच्या दरबारात शोभेल असं तंतुवाद्यांचं नेटकं संगीत वाजतं आणि त्यावर तो वस्तीतल्या उपासमारीचं वर्णन गातो. ती तंतुवाद्यंही खरी नाहीत, सगळी सिंथेसायझरवर त्याने एकट्याने वाजवलेली. ‘इफ इट्स मॅजिक’मध्ये मात्र जवळजवळ फक्त आवाज आणि डोरोथी ॲशबीचा हार्प. ‘पास्टाइम पॅरडाइस’मध्ये एका बाजूने चर्चचा समूह ‘वी शॅल ओव्हरकम’ गातो (आपल्या शाळांतलं ‘हम होंगे कामयाब’) आणि दुसऱ्या बाजूने हरे कृष्ण पंथाच्या लोकांचा नामघोष चढत जातो. दोन प्रार्थना एकाच चालीवर एकमेकींत मिसळतात. १९९५मध्ये रॅप गायक कूलिओने याच संगीतावर ‘गँगस्टाज पॅरडाइस’ केलं, तेव्हा शिवीगाळ नसेल तरच परवानगी, अशी स्टीव्हीची अट होती.

त्याच्या रागालाही संगीताचं रूप आहे. ‘लिव्हिंग फॉर द सिटी’ मिसिसिपीतून न्यूयॉर्कला आलेल्या कृष्णवर्णीय मुलाची गोष्ट सांगतं. मधल्या शब्दांवाचूनच्या भागात चार मात्रांची चाल सुटून तीन मात्रा येतात आणि पाय अडखळतो. शेवटच्या कडव्यांत त्याचा आवाज इतका खरखरीत होतो की दुसराच कुणी गातो आहे असं वाटावं. ‘हॅपी बर्थडे’ हे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीला राष्ट्रीय सुट्टी मिळावी म्हणून लिहिलेलं गाणं. तो गाण्यावर थांबला नाही, मोर्चे काढले, सभा घेतल्या. नोव्हेंबर १९८३मध्ये कायदा झाला आणि जानेवारी १९८६मध्ये पहिली सुट्टी पाळली गेली. १९८५मध्ये ऑस्कर स्वीकारताना त्याने ते तुरुंगातल्या नेल्सन मंडेला यांना अर्पण केलं, आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी रेडिओने त्याच्या गाण्यांवर बंदी घातली.

बोस, सतार आणि माउथ ऑर्गन

१९७९चा ‘जर्नी थ्रू द सीक्रेट लाइफ ऑफ प्लांट्स’ हा त्याचा सर्वांत कमी ऐकला गेलेला मोठा अल्बम. वनस्पतींवरच्या माहितीपटाचं हे पार्श्वसंगीत. न दिसणारा चित्रपट त्याने कसा सजवला? निर्माता प्रत्येक दृश्य शब्दांत सांगायचा, ध्वनिमुद्रक त्या दृश्याची लांबी सांगायचा, आणि हे सगळं टेपवर ऐकत स्टीव्ही वाजवायचा. त्यात ‘व्हॉयेज टु इंडिया’ नावाचा तुकडा आहे, सतारीसह, आणि ‘सेम ओल्ड स्टोरी’ या गाण्यात आपल्या जगदीशचंद्र बोस यांचा उल्लेख आहे. लोकांना नाचायला गाणी हवी होती, हाती आलं हे शांत, लांबट संगीत, म्हणून तेव्हा पुष्कळांची निराशा झाली. मला वाटतं, सवडीने ऐकणाऱ्या आपल्यासारख्या श्रोत्यांना ते जास्त रुचेल.

आणि माउथ ऑर्गन. पेटी आणि माउथ ऑर्गन ही एकाच जातीची वाद्यं, दोन्हींत हवेने धातूची पत्ती थरथरते. जत्रेत मिळणाऱ्या माउथ ऑर्गनमध्ये एकाच पट्टीचे शुद्ध स्वर असतात. स्टीव्ही वाजवतो तो क्रोमॅटिक. त्याच्या कडेला एक दांडी असते, ती दाबली की स्वर अर्ध्या सुराने चढतो, त्यामुळे बारा स्वर मिळतात आणि हव्या त्या पट्टीत वाजवता येतं. पण त्याचा खरा हात दांडीवर नाही, श्वासावर आहे. तो स्वर सरळ लावत नाही, खालून ओढत वर आणतो, गळ्यातून काढल्यासारखा. मुलीच्या जन्मावरच्या ‘इझंट शी लव्हली’चा उत्तरार्ध जवळजवळ सगळा माउथ ऑर्गनच आहे. एल्टन जॉन, चाका खान, युरिदमिक्स, स्टिंग यांच्या गाण्यांतही तो पाहुणा म्हणून वाजवून गेला, आणि नाव न वाचता दोन स्वरांत ओळखू येतो.

सुरुवात करायची असेल तर ‘टॉकिंग बुक’पासून करा, कारण तो आटोपशीर आहे आणि त्यात एकट्याने वाजवलेला स्टीव्ही उत्तम दिसतो. मग ‘इनरव्हिजन्स’ एका बैठकीत, क्रम न बदलता. ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ एका दमात ऐकायचा प्रयत्न करू नका, एकेक बाजू घ्या. फोनच्या स्पीकरवर त्याचा बास जवळपास ऐकूच येत नाही, त्यामुळे साधे का होईना हेडफोन हवेत. सात मिनिटांचं ‘ॲज’ राखून ठेवा, त्यात कीबोर्डवर जॅझवादक हर्बी हॅनकॉक आहे आणि शेवटची काही मिनिटं पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद आणि त्याच्यावर चढत जाणारा समूह आहे. ते आवडलं तर लगेच पुढे ‘अनदर स्टार’ लावा: आठ मिनिटांहून मोठं, लॅटिन ठेक्यावर, गिटारवर जॉर्ज बेन्सन आणि बासरीवर बॉबी हम्फ्री.